खाणीत काय आहे ते मला विचारा

प्रति,
जागा ज्यांच्या ताब्यात आहे ते साहेब,
प्रदूषणाचं खातं ज्यांच्याकडे आहे ते साहेब,
आणि जिल्ह्याचा कारभार पाहणारे साहेब,
पुणे.

विषय : जुन्या खाणीवर बाग करण्याआधी खाणीतली माती साफ करण्याबाबत.

साहेब,

तिघांना मिळून एकच पत्र लिहितोय, कारण वेगवेगळी लिहून झाली. पहिल्या कार्यालयाने माझा अर्ज 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' दुसऱ्याकडे वर्ग केला, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्याने तो पुन्हा पहिल्याकडे पाठवून मला माहितीसाठी प्रत दिली. कार्यालयांची नावं मुद्दाम घालत नाही. ज्याचं त्याला कळेल, आणि नाव घातलं की उरलेले दोघे वाचायचं सोडून देतील. पत्र उघड लिहितोय, कारण बाग ज्यांच्यासाठी होणार आहे त्या शेजारपाजारच्यांनीही ते वाचायला हवं.

मी १९८४ साली भोसरी एमआयडीसीतल्या एका प्लेटिंगच्या, म्हणजे लोखंडी मालावर दुसऱ्या धातूचा थर चढवायच्या गाळ्यात हेल्पर म्हणून लागलो. २००१ मध्ये गाळा बंद झाला तेव्हा तिथला फोरमन होतो. हार्ड क्रोम, निकेल, झिंक. माल मोठ्या कंपन्यांचा यायचा, आमचं नुसतं जॉब वर्क. तुमच्या बागेच्या नकाशात जिथे हिरव्या चौकोनात 'लहान मुलांची खेळणी' असं लिहिलंय, तिथे खाणीचा सगळ्यात खोल भाग होता. तिथेच आम्ही ड्रम उलटे करायचो. आम्ही म्हणजे टेम्पोवाला, एक हेल्पर आणि मी. चलनावर 'भराव माती' असं लिहायचं आणि खाली सही माझी.

हे आधी लिहून टाकलं, म्हणजे पुढे कुणी 'तुम्हाला काय माहीत' असं विचारणार नाही. मागच्या खेपेला एका साहेबांनी तसंच विचारलं होतं. मी म्हटलं, मीच टाकलंय. त्यावर ते हसले आणि चहा सांगितला. लिहून मात्र काही घेतलं नाही.

खाण म्हणजे दगडाची खाण. खडीसाठी फोडलेली, काळ्या पाषाणात उभ्या भिंतींची. खडीवाले निघून गेले आणि खड्डा मोकळा राहिला. सगळ्यात खाली आमचा क्रोमचा स्लज, म्हणजे गाळ आहे, आणि दोन वेळा अख्खा बाथही (टाकीतलं क्रोमचं द्रावण) तिथे ओतलाय, लोखंड मिसळून तो कामातून गेल्यावर. त्याच्यावर आणि आजूबाजूला इतरांचा माल आहे. फाउंड्रीची काळी वाळू, पेंट बूथचा चिकट गाळ, जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्यांनी टाकलेली शिशाची राख. डीग्रीझिंगच्या, म्हणजे मालाचं तेल-ग्रीस धुवायच्या टाकीच्या तळाचा ट्रायक्लोही (ट्रायक्लोरोइथिलीन) आहे. त्याचा वास गोडसर असतो, थोडा वेळ बरा वाटतो आणि मग डोकं धरतं. पुढे २००३-०४ पासून शहरातली जुनी बांधकामं पडायला लागली, तसा राडारोडा येऊन पडला. त्याच्यावर घाणेरी आणि सुबाभूळ उगवली. आज वरून पाहिलं तर माळरान वाटतं.

आठवड्याला एक खेप व्हायची, पावसाळ्यात दोन. पावसाळ्यात जास्त का, तर तेव्हा खाणीत पाणी असायचं आणि टाकलेलं दिसायचं नाही. पाण्याचा रंग मात्र दिसायचा. एकदा श्रावणात वर उभा राहून पाहिलं तर खाली पिवळंधमक तळं होतं, आणि काठावर धनगराची पोरं बसून त्यात खडे मारत होती. मी त्यांना हाकललं. का हाकलतोय ते सांगितलं नाही.

आता क्रोमचा हिशेब सांगतो, कारण 'थोडंफार असेल' हे वाक्य मी तिन्ही कार्यालयांत ऐकलंय. हार्ड क्रोमचा बाथ लिटरला अडीचशे ग्रॅम क्रोमिक आम्लाचा असतो. त्यात अडीच ग्रॅम सल्फ्युरिक, शंभराला एक, हे प्रमाण मला झोपेत विचारा. त्या अडीचशे ग्रॅममध्ये निव्वळ क्रोमियम निम्म्याहून थोडं जास्त, म्हणजे १३० ग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. भागाकार करून बघा. एक लिटर बाथ त्या मर्यादेत आणायला २६ लाख लिटर स्वच्छ पाणी लागतं. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तो एका एकरावर धरला तर २८ लाख लिटर होतो. म्हणजे एका एकराचा वर्षभराचा पाऊस आमच्या एका लिटर बाथसाठी खर्ची पडतो. आम्ही लिटरमध्ये टाकत नव्हतो, ड्रममध्ये टाकत होतो.

आणि तो बाथ माणसाचं काय करतो, तर माझ्या नाकाच्या पडद्याला भोक आहे. आमच्या धंद्यातल्या बहुतेक जुन्या माणसांना असतं. क्रोमच्या टाकीत करंट सोडला की त्यातला पाचवा हिस्सासुद्धा क्रोम बसवायला जात नाही. बाकीच्याचा हायड्रोजन होतो, बुडबुडे फुटतात आणि आम्लाचं धुकं वर येतं. ते नाकातून आत जातं. आधी नाक गळतं, मग रक्त येतं, मग खपली धरते, आणि एक दिवस दुखायचंच थांबतं. माणसाला वाटतं बरं झालं. प्रत्यक्षात तिथे दुखायला काही उरलेलं नसतं. थंडीत मी जोरात श्वास घेतला की शिट्टी वाजते. नातीला त्याची फार मजा वाटते.

गाळ्यात ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट होता, नव्हता असं नाही. पाहुणे, म्हणजे तपासणीवाले यायच्या दिवशी चालायचा. घातक कचऱ्याचे नियम १९८९ सालीच आले होते, त्याची झेरॉक्स मालकाच्या टेबलाच्या काचेखाली होती. नीट करायचं म्हटलं तर ते अवघडही नव्हतं. मेटाबायसल्फाइट टाकलं की पिवळं पाणी हिरवं होतं, मग चुना टाकायचा, क्रोम खाली बसतो, गाळ वाळवायचा. फक्त चुन्याला, पावडरीला आणि वाळवायला पैसे लागतात, आणि जॉब वर्कचा रेट पैशा-पैशावर ठरतो. ज्यांचा माल होता ते चकाकी तपासायचे, मायक्रॉन मोजायचे, गंजाची टेस्ट करायचे. आमचं पाणी कुठे जातं हे त्यांच्यापैकी एकानेही कधी विचारलं नाही. मीही मालकाला विचारलं नाही. पगार वेळेवर होता.

हे सगळं इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं. गेल्या एप्रिलमध्ये खाणीभोवती कंपाउंडचं काम सुरू झालं म्हणून सहज बघायला गेलो. जेसीबीने पायासाठी चर मारला होता, पुरुषभर खोल. चराची एक बाजू उन्हात वाळली होती आणि तिच्यावर पिवळी फुलं आली होती. फुलं म्हणजे भिंतीला लोणा लागतो तसा थर, पण हळदीपेक्षा उजळ. आतला ओलावा वर येताना क्रोम घेऊन येतो, पाणी उडून जातं आणि क्रोम भिंतीवर राहतो. गाळ्यात टाक्यांच्या मागच्या भिंतीवर हे मी रोज पाहिलंय. चरात एक जोडपं काम करत होतं, नवरा आणि बायको. बाईच्या हातात मोजे नव्हते. ती तो पिवळा थर घमेल्याच्या काठाने खरवडून चर सरळ करत होती.

मी मुकादमाला सांगितलं, तो म्हणाला, मुरूम पिवळाच असतो काका. वाद घातला नाही. शेजारच्या एका चालू गाळ्यातून चमचाभर मेटाबायसल्फाइट आणलं, गॅरेजमधून बॅटरीच्या अ‍ॅसिडचे थेंब आणले. चहाच्या पांढऱ्या कपात ती पिवळी पावडर पाण्यात ढवळली, पिवळंजर्द पाणी झालं. अ‍ॅसिड टाकलं तर आणखी तांबूस झालं. मग मेटाबायसल्फाइट टाकलं आणि कपातलं पाणी मुकादमाच्या डोळ्यांसमोर हिरवं झालं. तो म्हणाला, "काका, जादू हाय का ही?" मुरूम हिरवा होत नाही, एवढं त्याला समजलं. त्याने जोडप्याला वर घेतलं, स्वतःच्या खिशातून रबरी मोजे आणले. त्या दिवशी त्या जागेवर अधिकाराने काही केलं असेल तर त्या मुकादमाने. दुसऱ्या दिवशी काम पुन्हा सुरू झालं.

म्हणून हे पत्र. आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार नमुन्यांची. तुम्ही म्हणता मातीचे नमुने घेतले आणि सगळं मर्यादेत आहे. नमुने घेतले तेव्हा मी फाटकाबाहेर उभा होतो. फाटकाजवळची चार ठिकाणं, खुरप्याने वरची वीतभर माती, प्लास्टिकच्या पिशवीत. साहेब, ती वरची माती वीस वर्षांपूर्वी येऊन पडलेला राडारोडा आहे. तुम्ही पाडलेल्या वाड्यांच्या विटा आणि चुना तपासलात, आणि तो चांगलाच निघणार. आमचा माल त्याच्या खाली आहे. तपासायचं तर खडक लागेपर्यंत बोअर घ्यावा लागेल आणि दर थराची माती वेगळी काढावी लागेल. विहिरींचंही तेच. ट्रायक्लो पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड असतो, तो तळाशी जातो, खडकाच्या भेगांत बसतो. विहिरीच्या वरच्या पाण्यात बादली बुडवून तो कसा सापडेल?

दुसरी तक्रार बागेच्या आराखड्याची. दीड फूट मुरूम, वर लाल माती, वर लॉन. या दीड फुटात झाडाचं मूळ थांबत नाही आणि पाऊसही थांबत नाही. खाण म्हणजे पाषाणातली वाटी आहे, पण गळकी वाटी. आपल्याकडचा खडक वरून अखंड दिसला तरी त्याला सांधे असतात, भेगा असतात, मधे मांजऱ्या खडकाचे थर असतात, आणि सुरुंग लावलेल्या खाणीत तर भेगाच भेगा. पाणी वरून आत जातं आणि खालून ओढ्याकडे निघतं. ओढा इंद्रायणीला, इंद्रायणी आळंदीला. आळंदीला नदीवर फेस आला की चॅनेलवाले येतात, वारीच्या तोंडावर बैठका होतात. फेस दिसतो म्हणून निदान बोंब तरी होते.

आणि आराखड्याच्या शेवटच्या पानावरचं वाक्य मी तीनदा वाचलं. बागेला पाणी देण्यासाठी 'जागेवरच कूपनलिका' घेणार आहात. म्हणजे खालचं पाणी उपसून स्प्रिंकलरने लॉनवर उडवणार, त्याच लॉनवर सकाळी म्हातारे अनवाणी चालणार आणि संध्याकाळी पोरं लोळणार. मी गाळ्यात सतरा वर्षं जे नाकाने घेतलं ते तुम्ही कारंज्याने देणार आहात. सहाव्या संयुजेचा क्रोम, म्हणजे बाथमधला तो पिवळा क्रोम, कर्करोग करतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९० सालीच सांगून ठेवलंय, त्यासाठी माझ्या नाकाची साक्ष नको.

तिसरी तक्रार चरातून निघालेल्या मातीची. तीन डंपर भरून गेले, ते मी स्वतः मोजले. ड्रायव्हरला विचारलं कुठे चाललंय, तर म्हणाला, जिथे भराव पाहिजे तिथे. म्हणजे माझं चलन अजून चालूच आहे, फक्त सही दुसऱ्याची. घातक कचरा उचलायचा तर २०१६ च्या नियमांप्रमाणे मॅनिफेस्ट लागतो, सात प्रती, सात रंग, कुणी दिला, कुणी नेला, कुणी घेतला. त्या तीन डंपरचा एकही कागद नाही. ती माती कुणाच्या तरी घराच्या जोत्यात असेल, किंवा कुणाच्या तरी शेताच्या बांधावर.

चौथी तक्रार, खरं तर भीती. हल्ली तुमच्याकडे एक नवी टूम ऐकली, की ही जागा 'जुना कचरा' म्हणून बायोमायनिंगला द्यायची. म्हणजे सगळं उकरून चाळणीतून गाळायचं, प्लास्टिक वेगळं, दगड वेगळे, आणि खाली पडलेली बारीक माती भरावाला किंवा शेतीला. घरातल्या कचऱ्याच्या डेपोवर ते चालत असेल. इथे चाळणीखाली जी बारीक माती पडेल, तिच्यातच बहुतेक क्रोम आणि शिसं असेल. आपली काळी चिकण माती धातू धरून ठेवते, तिचा गुणच तो. म्हणजे नेमका विषारी भाग वेगळा काढून तुम्ही तो 'चांगली माती' म्हणून वाटणार. शिवाय हे सगळं उघड्यावर, वाऱ्यात.

'आमच्या अखत्यारीत येत नाही' या वाक्याबद्दल वेगळी तक्रार लिहीत नाही. आता ते वाक्य तुम्हाला वापरताच येणार नाही. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले, पर्यावरण संरक्षण कायद्याखाली. त्यात कामं वाटून दिलेली आहेत. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांची यादी द्यायची. ९० दिवसांत प्राथमिक तपासणी, पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर सर्वेक्षण. जागा दूषित ठरली तर ती जाहीर करायची, ये-जा बंद करायची, तज्ज्ञ संस्थेकडून उपाययोजना करून घ्यायची, आणि घाण कुणाची होती ते ९० दिवसांत शोधायचं. खर्च त्याचा. तो सापडला नाही किंवा त्याच्याकडे दमडी नसली तर पैशाची सोय केंद्राने आणि राज्याने करायची. साध्या कचऱ्याचे डेपो या नियमांतून वगळलेत हे मला माहीत आहे, आणि त्याच पळवाटेसाठी 'जुना कचरा' हा शब्द आलाय हेही कळतं. पण कचऱ्यात घातक द्रव्यं मर्यादेबाहेर मिसळलेली असतील तर तीही जागा नियमांत येते. वाचून बघा.

नियमांत एक मोठं भोक आहे, माझ्या नाकासारखं. तपासणीला मुदत आहे, शोधायला मुदत आहे, साफ करून संपवायला मुदत नाही. नियम आले तेव्हा देशात अशा १०३ जागा नोंदलेल्या होत्या आणि त्यातल्या फक्त सात ठिकाणी प्रत्यक्ष काम सुरू झालं होतं. आपली खाण त्या १०३ मध्ये नाही. आपली खाण कुठल्याच यादीत नाही, कारण चलनावर 'भराव माती' आहे.

पैसे कुणाचे, हा प्रश्न मी टाळत नाही. आमचे मालक वारले. गाळा दोनदा विकला गेला, तिथे आता पॅकेजिंगचं काम चालतं, त्या बिचाऱ्यांना यातलं काही माहीत नाही. पण ज्यांच्या पिस्टन रॉडवर आणि शाफ्टवर आम्ही क्रोम चढवला ते सगळे आज मोठे आहेत, आणि त्यांच्या खरेदी खात्याची जुनी दप्तरं कुठेतरी असतीलच. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी गावात रंग बनवायला लागणाऱ्या एच-अ‍ॅसिडच्या कारखान्यांनी विहिरींचं पाणी नासवलं. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घाण करणाऱ्याने भरायचं. पैसे भरावेत म्हणून त्याच न्यायालयाला २०११ मध्ये पुन्हा बजवावं लागलं, तेव्हा रक्कम ३७ कोटींच्या वर आणि त्यावर चक्रवाढ व्याज. कारखाना बंद पडून किती वर्षं झाली होती बघा. तेव्हा 'मालक नाही, कंपनी नाही' म्हणून फाइल बंद करू नका.

आता कुणी म्हणेल, उचला आणि रांजणगावला पाठवा, तिथे घातक कचऱ्याचं केंद्र आहे. पाठवावं लागेल, थोडं. पण सगळंच उचलून दुसऱ्याच्या उशाशी नेऊन ठेवायला माझं मन घेत नाही. भोपाळच्या वायुगळतीच्या कारखान्यातला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये बारा कंटेनरमधून मध्य प्रदेशातच पिथमपूरला नेला, तिथली माणसं रस्त्यावर आली, तरी जूनअखेर तो जाळून झाला. टीव्हीवर म्हणाले भोपाळ साफ झालं. पोत्यांतला माल गेला. कारखान्याच्या आवारात जमिनीत मुरलेलं अजून आहे.

आमच्या क्रोमचं निम्मं काम जागेवर होऊ शकतं. जे मेटाबायसल्फाइट टाकीत करायचं तेच काम जमिनीत हिराकस, म्हणजे लोखंडाचा एक क्षार करतो. मळीसुद्धा करते, साखर कारखान्याची पातळ मळी, मोलॅसिस. ती बोअरमधून सोडली की जमिनीतले जंतू तिच्यावर वाढतात, प्राणवायू संपवतात आणि पिवळा क्रोम हिरव्यात बदलतो. हिरवा क्रोम पाण्याबरोबर सहसा पळत नाही. हे मी गाळ्यात शिकलो नाही, रिटायर झाल्यावर वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. पुणे जिल्ह्यात मळीची काय कमी? शिसं मात्र असं सुटत नाही, ते सिमेंट-चुन्यात बांधून रांजणगावच्या केंद्रातच न्यावं लागेल. मोहरी लावा, वाळा लावा, झाडं धातू शोषतात, असंही एक साहेब म्हणाले. शोषतात, पण वरवरचं, आणि वर्षानुवर्षं लागतात. आणि ती मोहरी कापून कुठे टाकणार? तीही घातक कचराच. बागवाल्यांना ही कल्पना आवडते, कारण फोटो चांगले येतात.

मी बाग नको म्हणत नाही. आमच्या वस्तीत अर्ध्या-अर्ध्या गुंठ्याची घरं आहेत, पोरांना खेळायला रस्त्याशिवाय जागा नाही. नळाला पाणी दिवसाआड येतं, मधल्या दिवशी लोक बोअरचं पाणी भरतात, अंघोळीला, भांड्यांना, आणि नाइलाजाने प्यायलाही. आमच्या बोअरचं पाणी मी पदरमोड करून तपासून घेतलं. तो रिपोर्ट तिन्ही कार्यालयांच्या आवकमध्ये आहे. आकडा इथे छापत नाही, कारण एका बाटलीवरून वस्ती घाबरावी असं मला वाटत नाही. तुम्ही नीट तपासा आणि तुम्हीच छापा. तोवर आमच्या घरी ते पाणी फक्त संडासला वापरतो. सुनेला कारण सांगावं लागलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तर मागण्या अशा.

बागेचं आणि कंपाउंडचं काम आज थांबवा. चर ताडपत्रीने झाका, पहिला पाऊस यायच्या आत. त्या जोडप्याची आणि चरात उतरलेल्या प्रत्येकाची तपासणी सरकारी खर्चाने करा, हाताच्या जखमा आणि नाक दोन्ही बघा.

तीन डंपर कुठे रिकामे झाले ते शोधा. ठेकेदाराची बिलं तुमच्याकडेच आहेत.

नव्या नियमांखाली ही जागा संशयित म्हणून यादीत घ्या आणि घेतल्याची तारीख लेखी द्या. ९० दिवस त्या तारखेपासून मोजायचे आहेत.

खडकापर्यंत बोअर घेऊन थरानुसार माती तपासा. क्रोम नुसता एकूण मोजू नका, सहाव्या संयुजेचा वेगळा मोजा. निकेल, शिसं, कॅडमियम आणि ट्रायक्लो त्या यादीत हवेतच. अर्ध्या किलोमीटरच्या आतल्या सगळ्या विहिरी आणि बोअर पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा, आणि साफसफाई झाल्यावरही काही वर्षं तपासत राहा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय पुण्यातच आहे, खडकाच्या भेगा कुठे उतरतात हे त्यांना विचारायला रिक्षाचं भाडं पुरेल.

साफ म्हणजे किती साफ, हे आधी ठरवा आणि जाहीर करा. कारखान्याच्या जमिनीला जे चालतं ते मुलांच्या खेळण्याच्या जमिनीला चालत नाही. बाग करायची असेल तर निकष वस्तीचा लावा. तो परवडत नसेल तर तिथे कुंपण आणि पाटी लावा आणि बाग दुसरीकडे करा.

सगळे रिपोर्ट मराठीत, वस्तीच्या चौकात, फ्लेक्सवर. तुमच्या वाढदिवसांचे जिथे लागतात तिथेच.

महिनाभर वाट बघेन. हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच बसतं, तिकडे जायची पाळी आणू नका. जावं लागलं तर माझं प्रतिज्ञापत्र तयार आहे. त्यात मी काय टाकलं, कुठे टाकलं, कुणाच्या सांगण्यावरून टाकलं ते सगळं आहे, आणि चलनांवरची सही माझीच आहे हेही आहे. त्यावरून माझ्यावर गुन्हा दाखल करायचा असेल तर जरूर करा, मी कुठे पळून जात नाही. फक्त आधी खाण उकरा.

जागा दाखवायला मी येईन. सकाळी नऊनंतर कधीही बोलवा, फोन नंबर तिन्ही अर्जांवर आहे. गुडघ्यामुळे आता उतार उतरवत नाही, पण वरून काठीने दाखवतो. पूर्वेकडच्या भिंतीला सुरुंगाची तीन भोकं अजून दिसतात. मधल्या भोकाच्या बरोबर खाली, तिथे पहिला बोअर घ्या.

आपला,
एक निवृत्त प्लेटिंग फोरमन,
भोसरी, पुणे